सर्व्हर वाळीत टाकण्याचा फॉर्म

मॅस्टोडॉन काय असतं हे समजावून सांगताना जो तो ईमेलचं उदाहरण देतो. तुमचं खातं जीमेलवर, मैत्रिणीचं याहूवर, तरी मेल पोचतो की नाही? तसंच इथे. तुमचं खातं एका सर्व्हरवर, तिचं दुसऱ्यावर, तरी एकमेकांच्या पोस्ट दिसतात, उत्तरं देता येतात. ट्विटरसारखी मधे एकच कंपनी नाही. हजारो सर्व्हर, प्रत्येकाचा मालक वेगळा, आणि त्यांना आपापसांत बोलता यावं म्हणून ॲक्टिव्हिटीपब नावाची एक सामाईक भाषा. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं जानेवारी २०१८ मध्ये तिला अधिकृत केलं. या सगळ्या जोडलेल्या पसाऱ्याला फेडिव्हर्स म्हणतात.

उदाहरण चुकीचं नाही, पण त्यात एक माणूस गाळला जातो. तुमचा मेल मैत्रिणीला कसा वाटला, तिथे कोणी तक्रार केली का, ती तक्रार खरी का, हे बघायला जीमेलमध्ये कोणी बसलेलं नसतं. इथे असतं. प्रत्येक सर्व्हरचे आपले नियम असतात, तक्रारी वाचणारे मॉडरेटर असतात, आणि बाहेरच्या कुठल्या सर्व्हरशी अजिबात संबंध ठेवायचा नाही हे ठरवायचा अधिकार त्यांच्याकडे असतो.

मी गेली तीन वर्षं अशा एका छोट्या सर्व्हरवर मॉडरेटर आहे. काही शे खाती, आम्ही तिघं, आठवडे वाटून घेतलेले. पैसे कोणालाच मिळत नाहीत, सर्व्हरचं भाडं वर्गणीतून निघतं. दिवसा ऑफिसात दुसऱ्यांचे बग काढायचे आणि रात्री जेवण झाल्यावर इथल्या तक्रारी वाचायच्या, असा क्रम. मॅस्टोडॉन चांगलं की वाईट, ट्विटर सोडून तिथे जावं का, यावर भरपूर लिहिलं गेलंय. मला त्यातल्या फक्त एका फॉर्मचं परीक्षण करायचं आहे, पुस्तकाचं करतात तसं.

ॲडमिनच्या पॅनेलमध्ये नवा डोमेन ब्लॉक टाकायचा फॉर्म आहे. वर एक रिकामी चौकट, तिथे दुसऱ्या सर्व्हरचं नाव लिहायचं. खाली तीव्रता निवडायची. 'मर्यादित' निवडलं तर तिथले लोक फक्त त्यांना आधीपासून फॉलो करणाऱ्यांना दिसतात, बाकीच्यांसाठी गायब. 'निलंबित' निवडलं तर संबंधच संपला. त्यांच्या पोस्ट आपल्याकडून पुसल्या जातात, दोन्ही बाजूंचे फॉलो तुटतात. मग काही टिक करायच्या चौकटी: त्यांची चित्रं घेऊ नका, त्यांच्याकडून आलेल्या तक्रारी घेऊ नका, जाहीर यादीत त्यांचं नाव चांदण्या टाकून झाका. शेवटी शेरा लिहायला दोन जागा. एक खासगी, मॉडरेटरांपुरती, आणि एक जाहीर. दोन्ही कोऱ्या सोडल्या तरी फॉर्म अडवत नाही. त्या सर्व्हरवर तीन माणसं असोत की तीन लाख, दोन मिनिटांचं काम.

याला डीफेडरेट करणं म्हणतात. मराठीत त्यासाठी शब्द आधीपासून आहे: वाळीत टाकणं.

हा शब्द आमच्या ग्रुपमध्ये मी पहिल्यांदा वापरला तेव्हा दुसरा मॉडरेटर वैतागला. त्याचं म्हणणं, वाळीत टाकतात त्या घराचं पाणी तुटतं, दुकानदार सामान देत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही. इथे चार पोस्ट दिसेनाशा होतात. त्याचं खरं आहे. गावकीनं किंवा जातपंचायतीनं बहिष्कार टाकलेल्या कुटुंबांचे हाल एवढे होते की महाराष्ट्राला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, जुलै २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मॅस्टोडॉनवर ब्लॉक झाल्यानं कोणाची चूल विझत नाही.

तरीही मी शब्द सोडत नाही, कारण मला हालांची तुलना करायची नाहीये. मला रीत तपासायची आहे. निर्णय कोण घेतं, कोणाविरुद्ध घेतं, समोरच्याला कळवतात का, त्याचं ऐकतात का, शिक्षा किती दिवसांची आणि परत यायची वाट कोणती.

या प्रश्नांवर आपल्याकडे कोर्टातही जुना झगडा आहे. मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये समाजातून बहिष्कृत करायला बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं तो रद्द केला. बहुमताचं थोडक्यात म्हणणं असं की धार्मिक कारणावरून एखाद्याला बाहेर काढणं हा त्या समाजाच्या आपला कारभार आपण चालवायच्या हक्काचाच भाग आहे. सरन्यायाधीश सिन्हा यांना ते मान्य नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा निकाल फेरविचारासाठी नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवण्यात आला. म्हणजे आपल्यात कोण राहील हे ठरवायचा गटाचा हक्क मोठा, की त्या गटातल्या एकट्या माणसाचा, हे आपल्याकडे इतक्या वर्षांत सहजासहजी सुटलेलं नाही.

फेडिव्हर्सवाले गटाची बाजू घेतात, फक्त त्यातून धर्म वगळून. सर्व्हर माझा, खर्च माझा, कोणाशी बोलायचं ते मी ठरवणार. या म्हणण्यात दम आहे, आणि तो नेमका कुठे आहे हे आधी सांगितलं पाहिजे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. त्यांच्या प्रोफाइलवर १९३६ सालचा, हॅम्बुर्गच्या गोदीतला प्रसिद्ध फोटो होता. सगळी गर्दी नाझी सलाम ठोकते आहे आणि एकच माणूस, तो ऑगस्ट लांडमेसर असावा असं मानतात, हाताची घडी घालून उभा आहे. हिटलरला सलाम न करणाऱ्या माणसाच्या फोटोत ट्विटरला द्वेष दिसला. खातं परत मिळालं, आणि मग गोरख पांडे यांच्या हिंदी कवितेच्या जुन्या पोस्टवरून पुन्हा गेलं. त्या नोव्हेंबरात भारतातले कितीतरी लोक चिडून मॅस्टोडॉनवर आले. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं असेल.

ते आले ते 'इथे कोणी हाकलत नाही' या समजुतीनं. परिस्थिती उलटी आहे. ट्विटरवर हाकलणारी कंपनी एक होती, इथे हाकलणारे हजारो आहेत. आणि ते काय करू शकतात याचं चांगलं उदाहरण त्याच वर्षी जुलैमध्ये घडलं होतं. गॅब हा अमेरिकेतल्या कडव्या उजव्यांचा अड्डा मॅस्टोडॉनच्या कोडवर आला. पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये २०१८ साली गोळीबार करणारा माणूस त्याआधी तिथेच पोस्ट टाकून गेला होता. मॅस्टोडॉनचा कोड मुक्त परवान्याचा आहे, कोणीही उचलून चालवू शकतं, त्यामुळे तो लिहिणारा युजेन रॉच्को सुद्धा गॅबला थांबवू शकत नव्हता. पण एकामागून एक सर्व्हरांनी दारं लावून घेतली. काही मोबाइल ॲपनी गॅबवर लॉगिन करणंच अडवलं. टस्की नावाच्या ॲपमध्ये गॅबचा पत्ता टाकला की थेट रिक ॲस्टलीच्या गाण्याचा व्हिडिओ उघडायचा. कुठली बैठक नाही, ठराव नाही, कोणी सीईओ नाही, तरी गॅब त्याच्या कुंपणात एकटं पडलं. ट्विटर किंवा फेसबुकच्या रचनेत हे शक्यच नाही, कारण तिथे सगळे एकाच छपराखाली असतात आणि छप्पर जाहिरातींवर चालतं.

म्हणून हा फॉर्म काढून टाका असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. तो नसता तर आमचा सर्व्हर महिनाभरही चालला नसता.

आता दुसरी बाजू. मॅस्टोडॉनवर पोस्टवर पडदा टाकायची सोय आहे. वर एक ओळ दिसते, खालचा मजकूर झाकलेला असतो, ज्याला वाचायचा तो बटण दाबून उघडतो. अपघाताचं वर्णन असेल, मालिकेचा शेवट असेल, तर फार कामाची सोय. २०२२ च्या ऑक्टोबरअखेर इलॉन मस्कनं ट्विटर विकत घेतलं आणि नोव्हेंबरात लाखो लोक मॅस्टोडॉनवर आले. त्यांत अमेरिकेतले कृष्णवर्णीय होते. त्यांनी आपल्याला रोज येणाऱ्या वर्णद्वेषाच्या अनुभवांबद्दल लिहिलं की खाली कोणीतरी अगदी नम्रपणे सांगायचं, इथे अशा विषयावर पडदा टाकायची पद्धत आहे. त्यांनी विचारलं, आमचं रोजचं जगणं तुमच्यासाठी पडद्याआड ठेवायची गोष्ट कशी झाली? हा प्रश्न नवा नव्हता. प्ले व्हिशस नावाचा कृष्णवर्णीयांनी चालवलेला एक सर्व्हर सततच्या त्रासाला कंटाळून २०२० मध्येच बंद पडला होता.

आपल्याला हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. 'ग्रुपवर राजकारण नको' हा मेसेज तुमच्या सोसायटीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेमका कधी पडतो ते आठवून बघा. आरक्षणावरच्या विनोदानंतर तो पडत नाही. त्या विनोदाला कोणी उत्तर दिलं की पडतो.

गेल्या वर्षी आमच्याकडे एक तक्रार आली. आमच्या एका सभासदानं पुण्यात भाड्याचं घर शोधतानाचा चार दिवसांचा हिशेब लिहिला होता. एजंटनं आधी आडनाव विचारलं, मग कुठले तुम्ही, मग 'नॉनव्हेज चालणार नाही', मग पुन्हा पूर्ण नाव, मग फ्लॅट अचानक गेलेला. इंग्रजीत, सहा-सात पोस्टची माळ. शेवटी किती एजंटांनी काय विचारलं याचा तक्ता. एजंटांची नावं नाहीत, शिवी नाही. तक्रार युरोपातल्या एका बऱ्याच मोठ्या सर्व्हरवरून आली होती: भेदभावाविषयी मजकूर, पडदा नाही. आमच्या नियमांत अशा मजकुराला पडद्याची सक्ती नाही. आम्ही तिघांनी वाचली आणि कारवाई न करता बंद केली.

दोन आठवड्यांनी आमच्या सभासदांचे मेसेज यायला लागले. फॉलोअर कमी का झाले? बग आहे का? एकीचे दोनशेच्या वर गेले होते, आणि तिचा त्या पोस्टशी काही संबंध नव्हता, ती विणकामाबद्दल लिहिते. शेवटी शोधत शोधत त्या मोठ्या सर्व्हरची जाहीर यादी उघडली, तिथे आम्ही होतो. शेऱ्यात दोन शब्द होते: मॉडरेशन नाही.

तीन माणसांनी पाऊण तास चर्चा करून बंद केलेली तक्रार बाहेरून 'मॉडरेशन नाही' अशी दिसते. आम्हाला कोणी कळवलं नव्हतं, कारण सॉफ्टवेअर ब्लॉक झालेल्या सर्व्हरला कळवत नाही. मी त्यांच्या ॲडमिनला सगळा घटनाक्रम जोडून मेल केला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. अगदी सभ्य होतं. तक्रारी फार येतात, प्रत्येकीच्या खोलात जायला वेळ नसतो, तुमच्याबद्दल पुन्हा विचार करू. तो विचार अजून चालू आहे.

पुण्यात घर शोधणाऱ्या त्या सभासदानं खातं बंद केलं नाही. पण आपल्यामुळे विणकामवालीचे दोनशे लोक गेले हे त्याला कळलं होतं, आणि आम्ही कितीही सांगितलं तरी त्याचा उपयोग झाला नाही. हल्ली तो रेल्वे स्टेशनांचे फोटो टाकतो. फोटो चांगले असतात.

तो ॲडमिन दुष्ट असता तर हे लिहिणं सोपं गेलं असतं. पण त्याच्या मेलमधली 'वेळ नसतो' ही ओळ मला चांगली ओळखीची आहे. २०२३ मध्ये रेडिटनं एपीआयसाठी पैसे आकारायचं ठरवलं आणि लोक लेमी या फेडरेटेड पर्यायाकडे धावले. तिथे बीहॉ नावाचा एक सर्व्हर होता, खातं उघडायला अर्ज करावा लागायचा, वातावरण शांत ठेवायचं हेच त्याचं वैशिष्ट्य. शेजारच्या दोन मोठ्या सर्व्हरांवर मात्र कोणीही मिनिटाभरात खातं काढू शकत होतं, त्यामुळे त्रास देणारे तिथून यायचे. बीहॉच्या चार ॲडमिननी त्या दोन्ही सर्व्हरांशी संबंध तोडले. हजारो साधी माणसं एका झटक्यात तुटली. त्यांनी कारण लपवलं नाही: आम्ही चौघं आहोत, माणसामाणसाला वेगळं करायची साधनं या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत, यापेक्षा जास्त झेपत नाही.

फेब्रुवारी २०२४ मधली स्पॅमची लाट ज्यांनी रात्री जागून उपसली त्यांना हे वेगळं सांगायला नको. नोंदणी उघडी ठेवून मालक विसरून गेलेले छोटे सर्व्हर कोणीतरी शोधून काढले होते आणि प्रत्येकावर यंत्रानं खाती बनवून तिथून सगळीकडे कचरा सोडला होता. एकेक खातं बंद करत बसलं तर सकाळपर्यंत शंभर नवी. मग तुम्ही सर्व्हरच्या सर्व्हर बंद करत सुटता. त्यांतल्या काहींवर कोणीतरी एकटंच, चार वर्षं आपल्या बागेबद्दल लिहीत असतं, हे माहीत असून. भीतीही असते. स्टॅनफर्डच्या इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीनं जुलै २०२३ मध्ये अहवाल काढला. दोन दिवसांत तपासलेल्या सुमारे सव्वातीन लाख पोस्टमध्ये लहान मुलांच्या शोषणाचं, आधीपासून नोंद असलेलं साहित्य ११२ वेळा सापडलं होतं. असं काही आपल्या डिस्कवर उतरू नये म्हणून कोणीही ॲडमिन आधी दार लावेल आणि मग विचार करेल. मीही लावेन.

म्हणजे सर्व्हरला वाळीत टाकण्यामागे बहुतेक वेळा द्वेष नसतो. थकवा असतो. माणसं वेगळी करून बघायला वेळ नाही म्हणून गठ्ठ्यानं निकाल लावायचा. फॉर्मवर माणसाचं नाव लिहायला जागाच नाही, फक्त डोमेनची चौकट आहे, त्यामुळे थकलेल्या माणसाला तो तेवढंच सुचवतो.

फेडिव्हर्सचे चाहते सर्व्हरला गाव म्हणतात, प्रेमानं. छोटं गाव, ओळखीची माणसं, पारावरच्या गप्पा, शहरातल्या मॉलसारखी जाहिरातबाजी नाही. हे वाचलं की मला दर वेळी ४ नोव्हेंबर १९४८ आठवतो. त्या दिवशी घटना समितीत मसुदा मांडताना आंबेडकरांनी गावाच्या याच कौतुकावर कडक टीका केली होती, आणि मसुद्यानं गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचं समाधान व्यक्त केलं होतं. गाव किती लोभस दिसतं हे तुम्ही वेशीच्या आत उभे आहात की बाहेर यावर ठरतं, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मॅस्टोडॉननं नेमका उलटा निर्णय घेतलाय. सर्व्हरच्या आत घटक व्यक्ती आहे. सर्व्हरांच्या आपसातल्या व्यवहारात घटक गाव आहे.

हे मी अलंकारिक बोलत नाहीये, कोडमध्ये तसं आहे. २०२२ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीपासून तुमच्याच सर्व्हरच्या मॉडरेटरनं तुमच्यावर कारवाई केली तर ती का केली ते तुम्हाला दिसतं, आणि वीस दिवसांत तुम्ही त्याविरुद्ध अपील करू शकता. चांगली सोय आहे, आम्ही दोन अपिलं मान्यही केलीत. त्याच पॅनेलमध्ये आयपी पत्ता ब्लॉक करायचा फॉर्म आहे, त्यात हा ब्लॉक कधी संपेल हे निवडता येतं. म्हणजे ज्यांनी हे लिहिलं त्यांना अपील माहीत आहे, मुदत माहीत आहे. पण डोमेन ब्लॉकच्या फॉर्ममध्ये दोन्ही नाही. व्यक्तीला अपील, आयपीला मुदत, गावाला काहीच नाही. डेटाबेसच्या टेबलात तारखेचा एक कॉलम वाढवायचा प्रश्न आहे. इंजिनिअर म्हणून सांगतो, अवघड नाही.

त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे, ऑक्टोबर २०२४ मध्ये ४.३ आवृत्ती येईपर्यंत तुमच्या ॲडमिननं एखादा सर्व्हर निलंबित केला तर तुमचे कोणते मित्र त्यात तुटले हे तुम्हालाही कळत नसे. इतकी वर्षं यादीतून माणसं नाहीशी व्हायची आणि तुम्हाला वाटायचं त्यांनी लिहिणं सोडलं. आता ज्या बाजूनं ब्लॉक टाकला त्या बाजूच्या लोकांना सूचना येते. ज्यांच्यावर टाकला त्यांना अजूनही नाही.

यावर ठरलेलं उत्तर असं: पटत नसेल तर दुसऱ्या सर्व्हरवर जा. गाव सोडता येतं, हाच तर फेडरेशनचा फायदा. अंशतः खरं आहे. खातं हलवलं तर फॉलोअर बरोबर येतात, पण पोस्ट येत नाहीत. त्या जुन्या पत्त्यावरच राहतात. चार वर्षं लिहिलेलं मागे ठेवून जायचं, आणि तेही आपण काही न करता. शिवाय जायचं कुठे? पडद्यावरून कटकट न करणारा दुसरा छोटा सर्व्हर शोधला तर उद्या तोही यादीत दिसेल. खात्रीची जागा एकच, सगळ्यात मोठा सर्व्हर.

इथे माझी मुख्य तक्रार आहे. रॉच्कोनं सुरू केलेला मॅस्टोडॉन डॉट सोशल हा सगळ्यात मोठा सर्व्हर. २०२३ मध्ये अधिकृत ॲप नव्या माणसाला आधी तोच सुचवायला लागलं. तिथूनही स्पॅम येतो, तिथूनही माणसं त्रास देतात, तक्रारीला उशीर होतो. पण तो निलंबित करायची हिंमत फार थोड्यांत आहे, कारण मग आपल्याच सभासदांचे निम्मे मित्र जातील. फॉर्म सगळ्यांना सारखा आहे. चौकटीत मॅस्टोडॉन डॉट सोशल लिहिता येतं, आमचं नावही लिहिता येतं. पण एक लिहिलं तर लिहिणाऱ्याचंच नुकसान, आणि दुसरं लिहिलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मग यादीत कोण भरत जाणार? मेटाचं थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आलं आणि पाच दिवसांत दहा कोटी खाती झाली. ते फेडिव्हर्सला जोडणार म्हटल्यावर शेकडो ॲडमिननी आम्ही थ्रेड्सला ब्लॉक करू अशी प्रतिज्ञा केली. मला त्यांचा आदर आहे. पण सगळ्यात मोठ्या सर्व्हरनं दार उघडं ठेवलं, आणि थ्रेड्सला त्या प्रतिज्ञेनं काही फरक पडला नाही. जे हत्यार गॅबच्या वेळी एवढं चाललं ते कंपनीच्या बाबतीत दिखाऊ ठरतं, आणि पुण्यात घर शोधणाऱ्यावर पुन्हा बिनचूक चालतं.

आमच्याकडे आम्ही एक साधी फाइल ठेवली आहे. सॉफ्टवेअरमध्ये जो कॉलम नाही तो तिथे आहे. सर्व्हरचं नाव, तारीख, कोणी सुचवलं, कारण एका ओळीत, पुन्हा कधी बघायचं. ब्लॉक टाकण्याआधी समोरच्या ॲडमिनला मेल करायचा, स्पॅम आणि त्याहून वाईट प्रकार सोडून. दर तीन महिन्यांनी एका रविवारी तिघांनी व्हिडिओ कॉलवर बसून यादी वाचायची. कंटाळवाणं काम आहे, दोन तास जातात, मधे चहा होतो.

गेल्या वेळी यादीत ६३ नावं होती. १९ सर्व्हर आता अस्तित्वातच नाहीत. आठ जण आणखी कडवे झालेत, ते राहिले. 'स्पॅम, फेब्रुवारी २४' या कारणाचे ११ होते, त्यांतल्या चौघांनी नोंदणी बंद करून सगळी खोटी खाती काढली होती. त्यांतला एक सर्व्हर खरोखरच एकट्या बाईंचा आहे. त्या कोकणातल्या नाहीत, पोर्तुगालच्या आहेत, आणि लिंबाच्या झाडांबद्दल लिहितात. चौघांचे ब्लॉक काढले. तुटलेले फॉलो त्यानं आपोआप जुळत नाहीत, ज्याचे त्यानं पुन्हा करावे लागतात. आमच्या तीन सभासदांचे त्या बाईंशी फॉलो होते. त्यांची नावं फाइलमध्ये होती, म्हणून मी तिघांना मेसेज टाकला. दोघांचं उत्तर आलंय.